सहावा तुकडा

माझ्या कामात मागे वळून पाहायला बंदी आहे. मी फुलपाखरं मोजते. ठरलेल्या वाटेनं, ठरलेल्या संथ चालीनं, नजर पुढे ठेवून. जे मागे गेलं ते गेलं. वळून पाहिलं की तेच फुलपाखरू दोनदा मोजलं जाण्याचा धोका असतो. त्यामुळे दिवाळी अंकासाठी कामाच्या आठवणी लिहायला बसले तेव्हा नियम मोडत असल्यासारखंच वाटलं.

हे काम पनवेलमध्ये कुणाला सांगणं अवघड होतं. आमच्या सोसायटीत कुणी न्हावा शेवाच्या बंदरात, कुणी बँकेत, कुणी शाळेत. माझ्याबद्दल आई "ती एन्व्हायरनमेंटमध्ये आहे" एवढंच सांगायची आणि विषय बदलायची. एकदा बाबांच्या एका मित्रानं विचारलं, "मोजून झाली की काय करता त्यांचं?"

"काही नाही. पंधरा दिवसांनी पुन्हा मोजतो."

 काका हळूच म्हणाले, "सरकारी आहे का?" सरकारी असतं तर त्यांना ते पटलं असतं.

तर काम असं. एक किलोमीटरची वाट निवडायची, तिचे शंभर-शंभर मीटरचे दहा तुकडे पाडायचे. हद्दीला एखादं झाड, मोरी, विजेचा खांब. ऊन पडलेलं असताना, वारा फार नसताना, साधारण दहा ते एकच्या दरम्यान चालायचं. आपल्याभोवती एक न दिसणारा खोका आहे असं धरायचं: दोन्ही अंगांना अडीच-अडीच मीटर, समोर पाच, वर पाच. खोक्यात आलेल्या प्रत्येक फुलपाखरासाठी त्याच्या जातीपुढे एक रेघ. खोक्याबाहेर कितीही देखणं काही उडत असलं तरी ते आपलं नाही. पंधरा दिवसांनी पुन्हा तीच वाट, तीच चाल. वर्षानुवर्षं.

वर्षानुवर्षं अशासाठी की एका वर्षाचा आकडा काहीच सांगत नाही. पावसानं उशीर केला की टाकळा उशिरा उगवतो, आणि टाकळ्यावर अंडी घालणारी पिवळी फुलपाखरं त्या वर्षी रोडावतात. पुढच्या वर्षी त्यांचा असा लोंढा येतो की नेऱ्याच्या एका शेतकऱ्यानं मला फोन करून विचारलं होतं, "टोलधाड तर नाय ना ताई?" मे महिन्यात अख्खी वाट चालून हाती चार रेघा लागतात, ऑक्टोबरात पान पुरत नाही. हे चढउतार अंगवळणी पडले की मगच खरी घट कोणती ते कळायला लागतं.

आणखी एक नियम. काही दिसलं नाही तर शून्य लिहायचं, जागा कोरी सोडायची नाही. शून्य म्हणजे मी पाहिलं आणि तिथे काही नव्हतं. कोरी जागा म्हणजे मी पाहिलंच नाही. हा फरक देवधर सरांनी मला पहिल्या दिवशी समजावला होता. तो मीच मोडला, त्याची ही हकीकत.

देवधर सर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. आमची छोटी संस्था त्यांच्या उत्साहावर चालायची. माझ्याकडे दोन वाटा होत्या. एक खारघरात, बेलपाड्याच्या बाजूला. तिथे सकाळी फिरायला येणाऱ्या एका बाईंनी मला थांबवून विचारलं होतं, "नातवाच्या बारशाला शंभर फुलपाखरं सोडायची आहेत, किती दिवस आधी सांगावं लागतं?" आम्ही पुरवत नाही, फक्त मोजतो, असं मी सांगितलं. "मग पुरवतं कोण?" त्या शेवटपर्यंत मी माहिती दडवतेय असंच समजत राहिल्या.

दुसरी वाट नेऱ्याच्या पुढच्या एका गावातून डोंगराच्या पायथ्याला जाणारी. तिथे पहिलं वर्षभर सर स्वतः चालले. मग त्यांचा गुडघा बोलायला लागला आणि जानेवारीपासून ती वाट माझ्याकडे आली.

या वाटेचा सहावा तुकडा एका पिंपळापासून एका आंब्यापर्यंतचा. मधोमध गावाचं बोरिंग होतं, म्हणजे हातपंप. भोवती सिमेंटचा ओटा, चारपाच मोठे धोंडे, आणि मी पोचायचे त्या वेळेला सहासात बायका धुणं धूत असायच्या. साबणाचं पाणी ओट्यावरून उतरून खाली चिखल व्हायचा. गुरंही तिथेच पाणी प्यायची. असा चिखल म्हणजे फुलपाखरांची मेजवानी. फुलातल्या मधात क्षार फार कमी असतात, म्हणून ती ओल्या मातीवर बसून सोंडेनं ते शोषतात. याला चिखलपान म्हणतात. सरांच्या वर्षी दहाही तुकड्यांत सर्वांत जास्त रेघा सहाव्यातच होत्या.

सरांना तिथे कुणी काही विचारलं नव्हतं. पांढरे केस, हॅट, काठी. बायका पदर सावरून बाजूला व्हायच्या. मी मात्र पहिल्याच दिवशी सापडले.

"काय लिवतेस गो?" सुंदराबाईंनी विचारलं. या बोरिंगवरच्या पुढारी. साठीच्या, दणकट, हातात धुणं बडवायचं धोपटणं.

त्या काळात पनवेल तालुक्यातल्या गावात कुणी हातात पॅड घेऊन आलं की लोकांना एकच शंका यायची. विमानतळाची चर्चा होती, रस्त्यांची होती, कशाकशाची होती. हे मला तेव्हा कळायला हवं होतं. मी म्हटलं, "फुलपाखरांचा सर्व्हे करतेय."

सर्व्हे हा शब्द ऐकून हात थांबले. 

"सर्वे? पाकोल्यांचा?" सुंदराबाई बाकीच्यांकडे वळल्या. "आता पाकोल्यांना सातबारा देनार काय?"

सगळ्या हसल्या. एकीला तर पंपाचा दांडा सोडून खाली बसावं लागलं. आज मला तो विनोद फार आवडतो. तेव्हा माझे कान तापले. मी इंग्रजी शाळेत शिकलेली, घरात मराठी बोलणारी, पण घराबाहेरच्या मराठीला बिचकणारी मुलगी. अनोळखी माणसांशी दोन वाक्यं बोलायची तर मनात आधी चार वेळा म्हणून पाहायचे. पुढच्या खेपेला प्रश्न आले: कुणाची पोर, लगीन झाला का, एवढी सुकलेली कशी. वाईट काहीच नव्हतं. पण मला ते शंभर मीटर किलोमीटरभर वाटायला लागले. एखादं फुलपाखरू माझ्या खोक्यात येऊन जायचं आणि मी चपलांकडे बघत चालत असायचे.

तिसऱ्या खेपेला मी पिंपळापाशी उजवीकडे वळले. एका गोठ्याच्या मागून, शेताच्या बांधावरून गेले आणि आंब्यापाशी पुन्हा वाटेला लागले. बोरिंगपासून फार तर चाळीस पावलं लांब. मी स्वतःला सांगितलं, जवळजवळ तेच आहे. हे "जवळजवळ" मी पुढे वर्षभर चालले. कागदावर मात्र दर वेळी "तुकडा ६" असंच लिहीत गेले. गोठ्यामागे जेमतेम दोनचार फुलपाखरं मिळायची. चिखलपानाच्या रकान्यात मी दर वेळी शून्य लिहिलं. ते शून्य नव्हतं.

डिसेंबरअखेर सरांनी दोन्ही वर्षांचे आकडे शेजारी शेजारी मांडले. नऊ तुकड्यांत थोडा चढ, थोडा उतार. सहाव्यात कडा तुटल्यासारखी घसरण. सर काळजीत पडले. अहवालाच्या कच्च्या प्रतीत त्यांनी लिहिलं की सहाव्या तुकड्यातली घट कपडे धुण्याच्या साबणामुळे झाली असण्याची शक्यता आहे. मी ते वाक्य वाचलं.  मी गप्प राहिले. कच्ची प्रतच आहे, कोण वाचतंय, असं वाटलं.

ती वाचली बोरिंगशेजारच्या फार्महाऊसवाल्या साहेबांनी. ते आमच्या संस्थेचे हितचिंतक, म्हणून प्रत त्यांच्याकडे गेली होती. माणूस वाईट नव्हता. फुलपाखरांसाठी त्यांनी कुंपणाच्या आत खूप झाडं लावली होती. पण साबणाचा फेस त्यांच्या फाटकापर्यंत यायचा हेही खरं. त्यांनी ग्रामपंचायतीला अर्ज दिला: शास्त्रीय अहवालानुसार हे धुणं निसर्गाला घातक आहे, तरी तिथे धुणं बंद करून बोरिंगला कुलूप लावावं. सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत त्यावर निर्णय होणार होता.

मला हे कळलं ते सुंदराबाईंकडून. जानेवारीतल्या एका सकाळी मी गोठ्यामागून निघून आंब्यापाशी आले तर त्या बुंध्याला टेकून उभ्या होत्या. माझीच वाट पाहत.

"तुझ्या पाकोल्या आमच्या साबनानं मेल्या म्हनतात. खरा हाय?"

मी पॅडवरचा कागद उलटा केला.

"बोरिंग बंद केला तर नदीवर जावा लागंल. पाऊन तासाची वाट, डोक्यावर बोजा. माझी सून आता सात महिन्यांची हाय." आवाज चढलेला नव्हता, तेच जास्त लागलं. "तू शिकलेली हायस. तू लिवलास तर ता खराच असंल. पन मना एक सांग, मेल्या तर मंग आमच्या पायापाशी बसतात त्या कोन?"

"अजून बसतात?"

"चल, बघ."

ती शंभर मीटरची वाट मी वर्षभरानं चालले. अकरा वाजले होते. ओट्याच्या खालच्या अंगाला, साबणाच्या पांढुरक्या ओघळाला लागून, पिवळी फुलपाखरं पंख मिटून दाटीवाटीनं बसलेली. त्यांच्या मधे फिकट हिरवट-पांढरी एमिग्रंट, कडेला निळ्या पट्ट्याची दोन ब्ल्यूबॉटल, आणि एक जे सारखं उडून परत त्याच जागी येत होतं. एक बाई शेजारी धोपटणं आपटत होती. फुलपाखरांना त्याची काही पडलेली नव्हती.

बायका माझ्याकडे पाहत होत्या. मी रेघा मारत गेले. रकाना भरला, मग समासात मारल्या.  फुलपाखरं जिवंत होती म्हणून आनंद झाला होता, आणि त्याच कारणामुळे मी पुरती अडकले होते.

त्याच दुपारी मी सरांकडे गेले. वडाळे तळ्याजवळ त्यांचं घर. गुडघ्यावर शेकाची पिशवी ठेवून ते गॅलरीत बसले होते. वाटेत मी वाक्यं जुळवून ठेवली होती, ती सगळी विसरले.

"सर, पहिल्या दोन खेपा सोडल्या तर मी सहाव्या तुकड्यातून गेलेच नाहीये. वर्षभर."

"म्हणजे?"

मी सांगितलं. गोठा, बांध, आंबा. का, तेही सांगितलं.  सर म्हणाले, "चिखलपानाला वर्षभर शून्य. ओल असलेल्या जागी, हिवाळ्यातसुद्धा. मला खटकलं होतं गं. मी रिक्षा करून एकदा जायला हवं होतं. ते सोडून घरी बसून कारण शोधलं." पिशवी त्यांनी बाजूला ठेवली. "तू चुकीचा आकडा लिहिलास, मी त्याला चुकीचं कारण चिकटवलं."

मी रडेन असं वाटलं होतं, पण रडू आलं नाही. फार दिवसांनी पूर्ण श्वास घेतला एवढं आठवतं.

"ते वाक्य काढून टाकू," सर म्हणाले. "पंचायतीला पत्र देतो की अहवालात त्रुटी राहिली होती. तुझं नाव नको. संस्थेत मात्र सांगावं लागेल. काम हातात राहील की नाही, ते मी सांगू शकत नाही."

पत्रानं भागलं असतं कदाचित. पण पत्र सरपंच वाचणार, साहेब वाचणार. आणि बोरिंगवर मात्र आपल्या साबणानं पाकोल्या मेल्या हीच गोष्ट राहणार. मी म्हटलं, "पत्र द्या सर. पण सभेला मी जाते."

सरांनी चष्म्यावरून पाहिलं. "तू? बोलणार?"

"वाचून दाखवीन."

सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर शाळेच्या व्हरांड्यात सभा भरली. पुरुष खुर्च्यांवर, बायका एका बाजूला सतरंजीवर. फार्महाऊसवाले साहेब पुढच्या रांगेत. अर्ज वाचला गेला. साहेब उठून म्हणाले, "माझा कुणावर राग नाही. पण हा सायंटिफिक रिपोर्ट आहे, त्याचा मान ठेवायला हवा." सरपंचांनी मग माझ्याकडे पाहिलं. "मॅडम काहीतरी सांगणार आहेत."

मी कागद काढला. त्यावर "सदर तुकड्यातील नोंदी सदोष असल्याचे निदर्शनास आले आहे" असं वाक्य होतं. सरांनी तपासून दिलेलं, शुद्ध. ते मी निम्मं वाचलं आणि मला दिसलं की सतरंजीवर कुणाला काही कळलेलं नाही. सुंदराबाई कपाळाला आठ्या घालून ऐकत होत्या. मी कागदाची घडी केली.

"फुलपाखरं कमी झालेली नाहीत," मी म्हटलं. "मी बोरिंगवरून चाललेच नाही. मी दर वेळी गोठ्याच्या मागून जायचे. तिथे फुलपाखरं नसतात. बोरिंगपाशी भरपूर आहेत, मी नुकतीच मोजून आलेय. साबणाचा दोष नाही. माझा आहे."

"पन बोरिंगवरून का नाय गेलात?" सरपंचांनी विचारलं.

हे उत्तर मी तयार केलेलं नव्हतं. "मला लाज वाटायची. बायका हसायच्या म्हणून."

 मग सतरंजीवरून सुंदराबाईंचा आवाज आला. शेजारणीला कुजबुजल्यासारखा, पण बोरिंगवर कुजबुजायची सवय कुणाला असते. "आगो बाय! म्हंजे ही त्याच्यासाठी नाय जायाची गोठ्यामागं? आमी वरीसभर माना फिरवून बसलो! आमाला वाटला पोरीच्या पोटाचा काय दुखना हाय!"

आधी बायका हसल्या, मग खुर्च्या, मग सरपंच. साहेबांनी रुमाल तोंडाला लावला. वर्षभर ज्या हसण्याला भिऊन मी गोठ्यामागून गेले ते माझ्या अंगावर धो धो कोसळत होतं, आणि मी उभी होते. मीही हसत होते. मी गोठ्यामागे परसाकडला जाते, मला पोटाचा विकार आहे असं समजून या बायका दर पंधरवड्याला सभ्यपणे दुसरीकडे पाहत बसल्या होत्या. त्यांनीही आपल्या परीनं न पाहिल्याची नोंद ठेवली होती, आणि ती माझ्यापेक्षा प्रामाणिक होती.

हसू ओसरल्यावर साहेबच उठले. म्हणाले, अर्ज मागे घेतो; फेसाचं मी माझ्या फाटकापाशी गटार काढून बघतो. बोरिंग राहिलं.

संस्थेनं मला तीन महिने त्या वाटेवर एकटीला पाठवलं नाही. सर काठी टेकत बरोबर यायचे. काम मात्र राहिलं. पहिल्याच खेपेला सुंदराबाईंनी विचारलं, "ताई, तू येशील त्या दिशी साबन कमी लावू काय?"

"नको मावशी. रोज लावता तेवढाच लावा. मी आहे म्हणून काही बदलू नका."

मग त्यांनी विचारलं, ही सगळी इथेच का बसतात. मी क्षारांचं सांगितलं. चिखलावर बसतात ते बहुतेक नरच असतात, हेही सांगितलं. त्यांनी धोपटणं खाली ठेवलं.

"म्हंजे सगले बापये? बायांच्या बोरिंगवर बापयांचा काय काम?" आणि ओल्या हातानं त्यांनी फुलपाखरांवर पाणी शिंपडलं. सगळी उडाली. माझा खोका विस्कटला. नियमानं ती मोजणी बाद करून मला पिंपळापासून पुन्हा सुरुवात करावी लागली. मी केली.

आता त्या वाटेचा चौथा तुकडा एका प्लॉटिंगच्या भिंतीआड गेला आहे. त्याचं मला वाईट वाटतं. त्याहून जास्त वाईट वाटतं ते त्या हुकलेल्या वर्षाचं. सहाव्या तुकड्यात त्या वर्षी खरोखर किती फुलपाखरं होती, हे आता कुणालाच कधी कळणार नाही. कमीही असतील. जास्तही असतील.

दर वर्षी मी सगळ्या तुकड्यांचे आलेख काढते. सहाव्याची रेघ सरांच्या वर्षी वर असते, मग एका वर्षापुरती तुटते, आणि पुढे पुन्हा सुरू होते. संगणक ती दोन टोकं आपणहून जोडून द्यायला बघतो. मी दर वर्षी ती जोड काढून टाकते आणि खाली टीप लिहिते: या वर्षी निरीक्षण झाले नाही.